सतरा मात्रांची बैठक

कविता ही एकांतांत जन्मास येते, असा आपल्याकडे समज रूढ आहे. कवि म्हटला म्हणजे तो नदीकांठीं एकटा भटकणारा, रात्रीं दिवा जाळीत बसणारा, घरच्या माणसांस जरासा परकाच वाटणारा असावयाचा, असें चित्र आपल्या मनांत उभें राहतें. हें चित्र सर्वस्वी खोटें आहे असें नाहीं. परंतु एक काव्यप्रकार असा आहे, कीं जो माणसांच्या बैठकींत जन्मला, बैठकींतच वाढला आणि अद्यापही बैठकींतच सर्वांत अधिक सुखानें नांदतो. तो म्हणजे जपानचा हायकू. हा शब्द आतां मराठी वाचकांस नवा राहिलेला नाहीं. तीन लहानशा ओळी, त्यांत एखादा ऋतु, एखादा क्षण आणि पुष्कळसें मौन, इतकी त्याची ओळख बहुतेकांस असते. पण हायकू रचणारी मंडळी एकत्र बसून काय करतात, आणि केवळ मौजेखातर रचलेल्या ह्या ओळींस कितपत मोल द्यावें, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. ह्या महिन्यांत त्याचाच थोडासा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हायकूचें मूळ शोधूं गेल्यास तें ‘रेंगा’ नांवाच्या सांखळी-कवितेंत सांपडतें. चारपांच जणांनीं एकत्र बसावें. एकानें पांच, सात, पांच अशा सतरा मात्रांचा पहिला तुकडा म्हणावा, दुसऱ्यानें सात-सात मात्रांचा जोड द्यावा, तिसऱ्यानें पुन्हां सतरा मात्रांचा. आणि ही सांखळी शंभर तुकड्यांपर्यंत न्यावी, अशी जुनी रीत होती. बाशो (१६४४–१६९४) आणि त्याचे शिष्य यांच्या काळीं छत्तीस तुकड्यांची आटोपशीर सांखळी विशेष प्रिय झाली. ह्या खेळाचे नियम मोठे मार्मिक आहेत. पहिला तुकडा मुख्य पाहुण्यानें म्हणावयाचा व त्यांत त्या दिवसाचा ऋतु आणावयाचा; दुसरा यजमानानें म्हणून जणूं पाहुण्याचें स्वागत करावयाचें. पुढील प्रत्येक तुकडा आपल्या लगतच्या तुकड्याशीं जुळला पाहिजे. परंतु त्याच्याही मागच्या तुकड्याकडे त्यानें परत वळतां कामा नये. म्हणजे प्रत्येकानें शेजाऱ्याचा हात धरावयाचा, आणि तरीही पाऊल पुढेंच टाकावयाचें! एखाद्यास कितीही सुंदर कल्पना सुचली, पण ती त्या जागीं बसत नसली, तर ती त्यानें मुकाट्यानें सोडून दिली पाहिजे. आपली बुद्धि दाखविण्यापेक्षां दुसऱ्याचें म्हणणें नीट ऐकणें हें ह्या खेळांतलें खरें कौशल्य होय. दोहो नांवाच्या बाशोच्या शिष्यानें आपल्या गुरूचें एक मत नमूद करून ठेविलें आहे. त्याचा आशय असा, कीं लिहिण्याचें मेज एकदां समोरून उचललें, कीं मागें उरलेला कागद ही रद्दी समजावी. बैठक चालू असतां जें मनामनांत घडलें, तेंच त्याच्या दृष्टीनें काव्य होतें.

ह्या सांखळीच्या पहिल्या तुकड्यास ‘होक्कु’ म्हणत. हा तुकडा हळूंहळूं स्वतंत्रपणेंही रचला जाऊं लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांनीं त्यास ‘हायकू’ हें नांव रूढ करून दिलें. शिकींचा स्वभाव मोठा रोखठोक होता. अनेकांनीं मिळून केलेली सांखळी-कविता हें वाङ्मयच नव्हे, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. एकट्यानें रचलेला पहिला तुकडा तेवढा खरा. ह्याप्रमाणें त्यांनीं सांखळी तोडली खरी. मौजेची गोष्ट अशी, कीं बैठक मात्र त्यांना मोडवली नाहीं. १८९५ सालीं ते आजारांतून उठून आपल्या मात्सुयामा गांवीं आले, तेव्हां तेथें शिक्षक असलेले त्यांचे मित्र नात्सुमे सोसेकी यांच्या बिऱ्हाडीं ते सुमारें पन्नास दिवस राहिले. माडीवर सोसेकी, खालीं शिकी. आणि शिकींच्या खोलींत गांवांतील कविमंडळींची रोजची वर्दळ. माडीवरच्या शिक्षकांस वाचन करणें अशक्य झालें, आणि शेवटीं तेही खालीं येऊन हायकू रचूं लागले. पुढें जपानचे थोर कादंबरीकार म्हणून मान्यता पावलेले सोसेकी ते हेच. शिकींचीं अखेरचीं वर्षें तोकियोतील नेगिशी भागांतील लहानशा घरांत अंथरुणावर गेलीं. क्षयानें त्यांच्या पाठीचा कणा पोंखरला होता. कूस बदलणेंही जिवावर येई. तरी त्या अंथरुणाभोंवतीं मंडळी जमत, विषय निघे, चिठ्ठ्या फिरत, आणि रोगी व निरोगी हा भेद घटकाभर विसरला जाई. ज्यांनीं कवितेचें कर्तृत्व एकट्याचें ठरविलें, त्यांनाही ऐकणारे चौघे लागतच होते.

ह्या बैठकीस जपानींत ‘कुकाई’ म्हणतात. तिची रीत आम्हीं जरा विस्तारानें सांगतों, कारण सारें मर्म त्या रीतींतच आहे. विषय आधीं कळविलेला असतो, किंवा बसल्या जागीं दिला जातो. प्रत्येकानें ठरलेल्या संख्येनें हायकू रचून एकेका चिठ्ठीवर एकेक लिहावयाचा. नांव मात्र घालावयाचें नाहीं. साऱ्या चिठ्ठ्या एकत्र करून कालवतात व पुन्हां वांटतात. ज्याच्या वांट्यास ज्या चिठ्ठ्या येतील त्या त्यानें स्वच्छ कागदावर उतरून काढावयाच्या, म्हणजे हस्ताक्षरावरून कोणास ओळखतां येऊं नये. मग हे कागद हातोहात फिरतात. प्रत्येकजण आपणांस आवडलेले हायकू टिपून घेतो, त्यांतून ठरलेले तेवढे निवडतो, आणि एकास सर्वोत्तम म्हणून खूण करतो. आपलाच हायकू निवडणें हा शिष्टाचाराचा भंग समजतात. सर्वांची निवड झाली म्हणजे ती मोठ्यानें वाचून दाखविली जाते. आणि आपली ओळ वाचली गेली, कीं तिच्या कर्त्यानें त्याच क्षणीं आपलें नांव उच्चारावयाचें. त्यानंतर चर्चा.

नांव शेवटीं! ह्या एका नियमांत केवढा न्याय भरला आहे, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. आपल्या नित्याच्या व्यवहारांत नांव आधीं येतें आणि वाक्य मागून. वडील बोलले म्हणजे तें शहाणपण, धाकटा बोलला म्हणजे तो आगाऊपणा. साहेबांचा विनोद ऐकून सारी कचेरी हंसते, आणि कारकुनाच्या विनोदाकडे ढुंकूनही कोणी पाहत नाहीं. घरांतही हेंच. कुकाईच्या कागदावर मात्र गुरु आणि काल आलेला शिष्य, वकील आणि त्याचा अशील, सासू आणि सून हीं एकाच अक्षरांत उतरलेलीं असतात. गुरूची ओळ एकानेंही निवडली नाहीं, असें तेथें पुष्कळदां घडतें. आणि गुरूसही तें हंसून सोसावें लागतें.

ही समता बैठकीबाहेर टिकते काय? येथें एक कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. शिकींच्या प्रेरणेनें १८९७ सालीं मात्सुयामांत ‘होतोतोगिसु’ हें मासिक निघालें. पुढें त्याचीं सूत्रें ताकाहामा क्योशी (१८७४–१९५९) यांच्या हातीं आलीं. स्त्रियांनीं हायकू रचावे म्हणून क्योशींनीं १९१६ च्या सुमारास आपल्या मासिकांत स्वयंपाकघरांतील विषयांवरच्या कवितांचें एक सदर उघडलें. चूल, भाजी, धुणें, मूल, ह्यांतच ज्यांचा दिवस जातो, त्यांनीं त्याविषयींच लिहावें, ही कल्पना त्या काळीं पुष्कळच पुढची होती. ह्याच मासिकांतून एका शाळामास्तरांची पत्नी सुगिता हिसाजो (१८९०–१९४६) यांची प्रतिभा प्रकट झाली, आणि जपानच्या श्रेष्ठ कवयित्रींमध्यें त्यांची गणना झाली. पण १९३६ सालीं ‘होतोतोगिसु’च्या सभासदांतून त्यांचें नांव कमी केल्याची सूचना मासिकांत झळकली. कारण छापलें नव्हतें. क्योशींना गुरुस्थानीं मानणाऱ्या ह्या बाईंना तो घाव अखेरपर्यंत भरून काढतां आला नाहीं. स्वतःचा काव्यसंग्रह छापून झालेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. तो त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. चिठ्ठीवर नांव नव्हतें तोंवर न्याय होता. नांवांची यादी एका हातीं गेली, आणि न्याय त्या हाताच्या मर्जीवर राहिला.

आतां एका मोठ्या आक्षेपाकडे वळूं. फ्रेंच वाङ्मयाचे व्यासंगी कुवाबारा ताकेओ (१९०४–१९८८) यांनीं १९४६ सालीं ‘सेकाई’ मासिकांत एक लेख लिहून जपानच्या काव्यसृष्टींत खळबळ उडविली. त्यांनीं पंधरा हायकू एकत्र मांडले. त्यांपैकीं दहा नांवाजलेल्या आचार्यांचे आणि पांच अगदीं अपरिचित हौशी माणसांचे होते. नांवें झांकून त्यांनीं वाचकांस विचारलें, कीं ह्यांत थोर कोणते व सामान्य कोणते, तें सांगा पाहूं. नांवाच्या आधारावांचून जर तें सांगतां येत नसेल, तर ही कला पहिल्या प्रतीची म्हणतां येणार नाहीं. हवें तर तिला दुय्यम कला म्हणा. फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून ती चालूं द्यावी. पण गुरु, शिष्य, पंथ आणि मासिकें यांचा जो डोलारा तिच्याभोंवतीं उभा आहे, तो केवळ नांवांचा बाजार होय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

आक्षेप मोठा चतुर आहे. नांव झांकण्याची जी युक्ति हायकूच्या बैठकींत न्यायासाठीं निघाली, तीच उचलून त्यांनीं हायकूवर फिर्याद केली! आम्हांस ह्या फिर्यादीचा अर्धा भाग मान्य आहे. एकट्या सुट्या हायकूवरून कवीची थोरवी ठरत नाहीं. बाशो थोर, तो त्याच्या जन्मभरच्या रचनेमुळें आणि प्रवासवर्णनांमुळें. एखादी सुंदर ओळ तर कोणाही संवेदनशील माणसास आयुष्यांत एकदां साधून जाते. पंथांच्या बडेजावाविषयीं कुवाबारांनीं जें म्हटलें तेंही हिसाजोंच्या कथेवरून खरें वाटतें. परंतु उरलेला अर्धा भाग आम्हीं नाकारतों. अपरिचित माणसाची ओळ आचार्याच्या ओळीशेजारीं बसूं शकते, ह्यावरून आचार्य लहान ठरतो असें कुवाबारांनीं मानलें. तो अपरिचित माणूस त्या घटकेपुरता मोठा झाला, असें कां मानूं नये? शिवाय त्यांच्या परीक्षेंत एक गोष्ट राहून गेली. हायकूंत लिहिणारा निम्मेंच काम करतो. उरलेलें निम्में वाचणाऱ्यास करावें लागतें. आणि कुकाई ही जितकी लिहिणारांची, तितकीच वाचणारांची शाळा आहे.

ह्याचें एक घरगुती उदाहरण आम्हीं स्वतः पाहिलेलें आहे. एका श्रावणांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं पावसानें सारी मंडळी अडकून पडलीं असतां, थोरल्या नातीनें कुकाईचा खेळ मांडला. विषय अर्थातच पाऊस. आजोबांपासून नऊ वर्षांच्या नातवापर्यंत आठ जणांनीं चिठ्ठ्या लिहिल्या. आत्याबाईंनीं त्या वहींत उतरून काढल्या. त्यांतील एक चिठ्ठी अशी होती:

दाराशीं छत्री
घरांत कुणी नाहीं
अजून ओली

आजोबांनीं नेमकी हीच निवडली. त्यांच्या पत्नीस जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. ते सांवकाश म्हणाले, “ज्यानें हें लिहिलें त्याचें कोणी माणूस नुकतेंच गेलेलें आहे. माणूस गेलें, आणि त्याची ओल तेवढी मागें राहिली.” क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग नियमाप्रमाणें कर्त्यानें नांव सांगावयाचें होतें, तेव्हां कोपऱ्यांतून नातू म्हणाला, “माझा आहे. आजोबा, ती आईची छत्री. मी शाळेंतून आलों तेव्हां आई बाजारांतून येऊन शेजारच्या काकूंकडे गेली होती.” सारीं हंसलीं. आजोबाही हंसले, आणि म्हणाले, “तुझी छत्री तुझ्या आईचीच, बाळ. मला दिसली ती दुसरी.” नातवानें जें पाहिलें तेंच प्रामाणिकपणें लिहिलें होतें, आजोबांनीं जें सोसलें तें त्यांत वाचलें. ह्यांपैकीं कोणाचें काव्य पहिल्या प्रतीचें आणि कोणाचें दुय्यम, हें ठरवावयास आम्हीं धजणार नाहीं. दोन वर्षांत घरांत जी गोष्ट कोणी बोललें नव्हतें, ती त्या दुपारीं बोलली गेली, एवढें मात्र आम्हीं पाहिलें.

जपानांतील शहाण्या लोकांनीं वाचण्याचें हें मोल ओळखलें आहे. मात्सुयामा येथें १९९८ सालापासून माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील मुलांची हायकूची चढाओढ भरते. पांच-पांच जणांचे संघ एकमेकांच्या हायकूंवर प्रश्नोत्तरें करतात, आणि परीक्षक रचनेबरोबरच रसग्रहणालाही गुण देतात. हातांत पांढरीं व तांबडीं निशाणें घेतलेले परीक्षक आणि हिरिरीनें एका शब्दासाठीं भांडणारीं मुलें, हें दृश्य खेळाच्या मैदानास शोभेल असें असतें. १९८९ पासून तेथील एक चहा-उत्पादक कंपनी लोकांकडून हायकू मागवून निवडक रचना चहाच्या बाटल्यांवर छापीत आली आहे.

मात्र मौज आणि लोभ यांची सीमारेषा फार बारीक असते, हेंही जपानच्याच इतिहासावरून दिसतें. अठराव्या शतकांत तेथें जोड-कवितेच्या चढाओढींस ऊत आला होता. परीक्षकानें एक लहानसा तुकडा जाहीर करावा, लोकांनीं शुल्क भरून त्यास जोड पाठवावा, आणि निवडलेल्यांस बक्षीस मिळावें, असा हा प्रकार. आपल्याकडील समस्यापूर्तीची ज्यांस ओळख आहे, त्यांस यांतली गंमत सहज कळेल. एदो शहरांतील कराइ सेनर्यू (१७१८–१७९०) हा परीक्षक इतका नांवाजला, कीं विनोदी सतरा मात्रांच्या कवितेस त्याचेंच नांव पडलें. इतकें ठीक होतें. पण ह्याच मूळापासून असेही प्रकार निघाले, कीं ज्यांत कवितेचें निमित्त तेवढें उरलें आणि बाकी सारा जुगार झाला. शेवटीं शोगुनाच्या शासनास त्यांवर बंदी घालावी लागली. म्हणून आमचें असें मत आहे, कीं घरगुती बैठकींत बक्षीस नसावें. निवडला जाणें हेंच बक्षीस.

मराठींत हायकू रुजविण्याचें श्रेय आचार्य अत्रे यांच्या कन्या कै. शिरीष पै (१९२९–२०१७) यांच्याकडे जातें, हें सुविद्य वाचकांस ठाऊकच आहे. मराठी हायकूकारांनीं तीन ओळी राखल्या. मात्र मोजमापाचें बंधन पुष्कळांनीं सैल केलें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. सतरा हा आंकडा जपानी भाषेच्या घडणींतून आलेला आहे. तेथें दीर्घ स्वर दोन मोजतात, आणि शब्दाच्या शेवटचा अनुनासिक उच्चारही स्वतंत्र मोजला जातो. म्हणजे तें मोजमाप आपल्या अक्षरगणनेपेक्षां मात्रागणनेच्या अधिक जवळचें आहे. वर दिलेल्या नातवाच्या हायकूंत अक्षरें बरोबर सतरा आहेत; पण मात्रा मोजल्या तर त्या एकोणतीस भरतात. सतरा मात्रांत मराठींत एखादें लहानसें वाक्यच मावेल. म्हणून अक्षरें मोजावीं कीं मोजूं नयेत, ह्यावर भांडत बसण्यापेक्षां, जास्तीचा शब्द आला कीं तो खुडून टाकण्याची संवय लावून घेणें अधिक श्रेयस्कर.

ज्या वाचकांस हा खेळ घरीं करून पाहण्याची इच्छा होईल, त्यांस थोडें सुचवून ठेवतों. माणसें पांच ते दहा असावीं. त्यांत लहान मुलें अवश्य असावीं. विषय डोळ्यांपुढचा द्यावा: आंब्याचा मोहोर, गिरणीवरून आलेलें गरम पीठ, दुपारची गच्ची. ‘जीवन’, ‘प्रेम’, ‘राष्ट्र’ असले विषय देऊं नयेत. त्यांवर ओळी सुचतात, पण दिसत कांहींच नाहीं. उपमा टाळावी आणि उपदेश तर कटाक्षानें टाळावा. चिठ्ठ्या एकाच हातानें उतरून काढाव्या. निवडणारानें नुसतें “छान” म्हणून सुटूं नये; कां निवडला तें एका वाक्यांत सांगितलेंच पाहिजे. आणि ज्याची ओळ कोणीही निवडली नाहीं, त्याचें नांव शोधीत बसूं नये. नांव झांकण्याचा फायदा त्यालाही मिळाला पाहिजे.

शेवटीं त्या कागदांचें काय करावयाचें? कोणी जपून ठेवतील, कोणी टाकून देतील. बाशोच्या मताप्रमाणें पाहिलें तर ती रद्दीच. परंतु रद्दींत घालण्यापूर्वीं त्या एकदां पुन्हां वाचून पाहाव्या, अशी आमची आपली सूचना आहे. इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही आपल्या घरांतलें कोण काय पाहतें, हें आपणांस ठाऊक नसतें. आणि तें कळण्यास सतरा अक्षरें पुष्कळ होतात.